श्रमिक विद्यापीठ

श्रमिक विद्यापीठ : औद्योगिक शहरांतील कामगार व त्यांचे कुटुंबीय यांना व्यवसायकौशल्य आणि प्रौढशिक्षण ही दोन्ही एकत्रितपणे देणारी अनौपचारिक शिक्षणसंस्था. भारतातील अशा प्रकारची पहिली संस्था मुंबईत वरळी येथे मार्च १९६७ मध्ये स्थापन झाली. पुढे देशातील इतर औद्योगिक शहरांतही याच नावाच्या संस्था निघाल्या आणि २००० मध्ये त्या सर्वांना ‘जन शिक्षण संस्थान’ हे नाव देण्यात आले. नावात ‘विद्यापीठ’ हा शब्द असला, तरी ही संस्था पदवी देत नसे आणि प्रवेशासाठी कोणत्याही परीक्षेची अट घालीत नसे. ही अट नसणे हेच तिचे प्रमुख वैशिष्ट्य होय. कारागिरांसाठी काढलेल्या शिक्षणसंस्था कालांतराने कारागिरांनाच दुरावल्या, असा सुमारे दीडशे वर्षांचा अनुभव या अटीच्या अभावामागे होता.

पार्श्वभूमी : यंत्रयुगापूर्वी व्यवसायशिक्षण घरात व कारखान्यात होत असे. सुतार, लोहार, कोष्टी, तांबट, रंगारी इ. कारागीर आपल्या मुलांना हाताशी घेऊन काम शिकवीत. या पद्धतीत शिकणे आणि कमावणे यांत अंतर नव्हते; मात्र लेखन-वाचनाला व हिशेबाला तीत फारसे स्थान नव्हते. यंत्रोद्योगांच्या वाढीबरोबर ही पद्धत अपुरी पडू लागली. नकाशा वाचणे, मापे घेणे, वाफेच्या व पुढे विजेच्या यंत्रांचे तत्त्व समजून घेणे यांसाठी कारागिराला पुस्तकी ज्ञानाची गरज भासू लागली.

ही गरज प्रथम ब्रिटनमध्ये ओळखली गेली. एडिंबरो येथे १८२१ मध्ये आणि लंडन येथे १८२३ मध्ये कारागिरांसाठी संध्याकाळी शिकविणाऱ्या संस्था स्थापन झाल्या. लंडनच्या संस्थेचे प्रमुख प्रवर्तक जॉर्ज बर्कबेक (१७७६–१८४१) हे होते. यांत्रिकी, रसायनशास्त्र, गणित व रेखन हे विषय कामावरून परतलेल्या कारागिरांना शिकवावेत, अशी मूळ कल्पना होती. या संस्थांचे लोण ब्रिटनच्या बहुतेक औद्योगिक शहरांत पसरले; तथापि अल्पावधीतच त्यांतील व्याख्यानांना कारकून, दुकानदार व मध्यमवर्गीय श्रोते अधिक येऊ लागले. प्राथमिक शिक्षण नसलेल्या कारागिराला व्याख्यान समजत नसे आणि वर्गणी परवडत नसे. लंडनची संस्था उत्तरोत्तर उच्च शिक्षणाकडे वळली व १९२० मध्ये लंडन विद्यापीठात समाविष्ट झाली.

मुंबईतही हाच क्रम दिसतो. सरकारी टांकसाळ व गोदी यांतील काही तरुण यंत्रज्ञांनी व मुकादमांनी १८४७ मध्ये यंत्रविद्येच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. ससून घराण्याच्या देणगीमुळे ती ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. तिची काळा घोडा भागातील दगडी इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. आज ती वास्तू डेव्हिड ससून ग्रंथालय म्हणून प्रसिद्ध आहे. शहराच्या वाचनसंस्कृतीत या ग्रंथालयाचे स्थान मोठे असले, तरी ज्या यंत्रज्ञांनी ते उभारले, त्यांच्या प्रशिक्षणाशी त्याचा संबंध उरलेला नाही.

औद्योगिक शिक्षणाच्या संस्था : कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढील तीन-चार दशकांत मुंबई हे गिरण्यांचे शहर बनले. गिरण्यांतील तंत्रज्ञ व देखरेख करणारे अधिकारी प्रारंभी इंग्लंडमधून, विशेषतः लँकाशरमधून, येत असत. त्यांच्या जागी एतद्देशीय माणसे तयार करण्याच्या हेतूने १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन करण्यात आली. भायखळा येथून ती १९२३ मध्ये माटुंगा येथे हलविण्यात आली आणि १९९७ पासून तिचे नाव वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्था असे झाले. या संस्थेने भारतीय गिरणीधंद्याला तंत्रज्ञ पुरविले, हे तिचे कार्य निर्विवाद आहे. परंतु तिचे शिक्षण इंग्रजीतून होते. त्यामुळे प्रत्यक्ष साच्यावर काम करणाऱ्या, कोकणातून अथवा घाटावरून आलेल्या कामगाराला तिचा लाभ क्वचितच मिळाला.

भाषेची ही अडचण दूर करण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रयत्न बडोदे संस्थानात झाला. सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी १८९० मध्ये ‘कलाभवन’ ही संस्था स्थापन केली. तिचे पहिले प्राचार्य रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (१८६३–१९२०) हे होते. औद्योगिक शिक्षण देशी भाषांतून दिल्याशिवाय ते कारागीरवर्गापर्यंत पोहोचणार नाही, अशी गज्जर यांची धारणा होती. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला इ. विषय तेथे शिकविले जात. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनीही काही काळ तेथे शिक्षण घेतले. कलाभवनाने देशी भाषांत तांत्रिक विषय शिकविता येतात हे सिद्ध केले. पण त्याचीही वाटचाल वरच्या दिशेनेच झाली. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवनाचे रूपांतर त्या विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखेत झाले.

या तिन्ही उदाहरणांत कोणाचा हेतू वाईट होता असे नाही. संस्थेची प्रतिष्ठा वाढावी म्हणून अभ्यासक्रमाची पातळी वाढविण्यात येते, पातळी वाढली की प्रवेशाची अट येते आणि अट आली की जो आधीच शाळेबाहेर राहिला आहे, त्याला संस्थेचे दार बंद होते, असा हा स्वाभाविक क्रम आहे.

रात्रशाळा व कामाचे तास : शाळेबाहेर राहिलेल्या श्रमिकांच्या शिक्षणाचा विचार महाराष्ट्रात प्रथम जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी केला. जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रशाळा सुरू केली. १८८२ च्या हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब यांबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे असावेत, असे सुचविले होते. अक्षरज्ञान व उपजीविका यांची सांगड घालण्याची ही कल्पना पुढील शतकातील ‘कार्यात्मक साक्षरते’च्या संकल्पनेशी जुळणारी आहे.

तथापि कामगाराला शिकण्यासाठी वेळ मिळणे ही पहिली गरज होती. गिरण्यांत काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांच्या नेतृत्वाखालील चळवळीमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. प्रौढ पुरुष कामगारांच्या दैनंदिन तासांवर कायद्याने पहिली मर्यादा १९११ मध्ये आली व ती कापडगिरण्यांपुरती १२ तासांची होती. १९२२ मध्ये ती दिवसाला ११ तास व आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये १० व ५४ तास आणि १९४६ मध्ये ९ व ४८ तास अशी उतरत गेली. कामगारांच्या प्रौढशिक्षणाचा इतिहास हा या कायद्यांच्या इतिहासाला समांतर आहे. बारा तास उभे राहून काम केलेल्या माणसाने रात्री पाटी हाती घ्यावी, ही अपेक्षाच अवाजवी होती. रात्रशाळांतील गळतीचे कारण कामगारांच्या उदासीनतेत शोधणाऱ्यांनी ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली.

नारायण मल्हार जोशी (१८७९–१९५५) यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीग या संस्थेने मुंबईच्या कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालविली. भारतातील कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९२९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाचे (व्हिटली आयोगाचे) जोशी हे एक सदस्य होते. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आयोगाच्या अहवालात भारतातील जवळजवळ सर्व औद्योगिक कामगार निरक्षर असल्याचे नमूद करण्यात आले असून, या निरक्षरतेचे परिणाम कामगारांचे वेतन, आरोग्य, उत्पादनक्षमता व संघटना या सर्वांवर होत असल्याचे म्हटले आहे.

तीन स्वतंत्र प्रवाह : प्रांतिक स्वायत्ततेनंतर बाळ गंगाधर खेर (१८८८–१९५७) यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतात साक्षरताप्रसाराला सरकारी पाठबळ मिळाले. मुंबई शहरात या कार्यासाठी १९३९ मध्ये एक समिती नेमण्यात आली. हीच पुढे मुंबई शहर समाजशिक्षण समिती या नावाने ओळखली जाऊ लागली. कामगारवस्तीत विविध भाषांतून साक्षरतावर्ग चालविणे, हे तिचे मुख्य कार्य होते. स्वातंत्र्यानंतर प्रौढशिक्षणाऐवजी ‘समाजशिक्षण’ ही संज्ञा रूढ झाली व साक्षरतेच्या जोडीला आरोग्य, नागरिकत्व, मनोरंजन यांचाही तीत अंतर्भाव करण्यात आला. ग्रामीण भागात १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्राम शिक्षण मोहीम हा या प्रवाहातील लक्षणीय टप्पा होय. संपूर्ण गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ साजरा करण्याची तिची पद्धत लोकप्रिय झाली व मोहीम पुढे इतर जिल्ह्यांतही पसरली. परंतु शिकलेली अक्षरे रोजच्या कामात उपयोगी न पडल्यास ती विसरली जातात, असाही अनुभव या मोहिमेने दिला.

दुसरा प्रवाह व्यवसायप्रशिक्षणाचा होता. १९५० मध्ये केंद्र शासनाने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली व तीमधून औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आय. टी. आय.) देशभर निघाल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांसंबंधीचा कायदा संमत झाला. जोडारी, कातारी, वीजतंत्री, संधाता इ. व्यवसायांचे पद्धतशीर शिक्षण या संस्थांत मिळू लागले. मात्र त्यांतील प्रवेशासाठी व्यवसायागणिक ठरावीक इयत्तेपर्यंतच्या शिक्षणाची अट होती आणि अभ्यासक्रम पूर्णवेळ होते. त्यामुळे जो नोकरी करीत होता किंवा ज्याने शाळा लवकर सोडली होती, तो या व्यवस्थेच्या बाहेरच राहिला.

तिसरा प्रवाह कामगार-शिक्षणाचा. नागपूर येथे मुख्यालय असलेले केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ १९५८ मध्ये स्थापन झाले. कामगार संघटनांचे कार्य, कामगार कायदे, हक्क व कर्तव्ये यांविषयीचे शिक्षण ते देऊ लागले.

अशा रीतीने १९६० च्या सुमारास साक्षरता एका यंत्रणेकडे, कौशल्य दुसरीकडे व कायद्याचे ज्ञान तिसरीकडे, अशी विभागणी झाली होती. कामगाराच्या जीवनात मात्र या गोष्टी वेगळ्या नव्हत्या. वेतनपत्रिका वाचता न येणाऱ्याला कायद्याचे ज्ञान वापरता येत नसे. अपूर्णांक न समजणाऱ्याला नकाशावरून काम करता येत नसे आणि कुशल कामाची संधी नसल्याने अक्षरे शिकण्याची त्याला निकड वाटत नसे.

स्थापना : १९६५ मध्ये तेहरान येथे निरक्षरता-निर्मूलनासंबंधी भरलेल्या शिक्षणमंत्र्यांच्या जागतिक परिषदेत कार्यात्मक साक्षरतेच्या संकल्पनेला महत्त्व देण्यात आले. साक्षरता हे स्वतंत्र उद्दिष्ट न मानता ती उत्पादक कामाचा भाग म्हणून शिकवावी, असा या संकल्पनेचा आशय आहे. भारतात दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगानेही (१९६४–६६) शिक्षणाला कार्यानुभवाची जोड देण्यावर व प्रौढांच्या निरंतर शिक्षणावर भर दिला. या विचारांच्या पार्श्वभूमीवर युनेस्कोच्या साहाय्याने ‘बहुविध प्रौढशिक्षण केंद्र’ ही योजना पुढे आली. मुंबई शहर समाजशिक्षण समितीने ती स्वीकारून मार्च १९६७ मध्ये वरळी येथे पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू केले. गिरण्या, चाळी व लहान कारखाने यांच्या सान्निध्यात असलेले वरळी हे त्यासाठी योग्य ठिकाण होते आणि समितीला कामगारवस्तीत वर्ग चालविण्याचा सुमारे तीन दशकांचा अनुभव होता.

कार्यपद्धती : श्रमिक विद्यापीठाच्या पद्धतीची चार अंगे सांगता येतील. पहिले, अभ्यासक्रम आधी ठरवून त्यासाठी विद्यार्थी शोधायचे नाहीत, तर विशिष्ट कामगारगटाची पाहणी करून त्याच्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रम रचावयाचा. कारखान्याचे व्यवस्थापन, कामगार संघटना व स्वतः कामगार या तिघांकडूनही गरजांची माहिती घेतली जाई. दुसरे, अभ्यासक्रम अल्प मुदतीचा व लवचिक ठेवावयाचा. वर्गाची वेळ पाळीप्रमाणे आणि जागा कामगाराला सोयीची, म्हणजे कारखान्यात, चाळीत अथवा वस्तीतील शाळेत, असावी. तिसरे, पूर्णवेळ कर्मचारी थोडे ठेवून अध्यापनासाठी त्या त्या धंद्यातील जाणकारांना अर्धवेळ बोलवावयाचे. त्यामुळे धंद्यातील बदलांबरोबर अभ्यासक्रमही बदलता येत असे आणि मागणी संपलेला वर्ग बंद करण्यास अडचण नसे. चौथे व सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक अभ्यासक्रमात कौशल्याबरोबर त्याला लागणारे शास्त्रीय ज्ञान व सामान्य जीवनोपयोगी ज्ञान यांचा समन्वय साधावयाचा.

या समन्वयाचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. यंत्रशाळेतील मदतनीसाला कातारी व्हावयाचे असेल, तर त्याला हाताच्या सफाईबरोबर सूक्ष्ममापकाचा उपयोग करता आला पाहिजे. सूक्ष्ममापकावरील वाचनासाठी दशांश अपूर्णांक आवश्यक असतात. म्हणून अंकगणित हा निराळा विषय न राहता मापनाचा भाग म्हणून शिकविला जातो. नकाशावरील खुणा व सूचना वाचताना वाचनाचा सराव होतो. चक्राकार फिरणाऱ्या भागापाशी सैल कपडे का घालू नयेत, हे सांगताना सुरक्षिततेचे नियम येतात. अपघात झाल्यास भरपाई कशी मिळते, हे सांगताना कामगार कायदा येतो. प्रौढ विद्यार्थ्याला कामाचा अनुभव असतो. त्याला नसते ती त्या अनुभवामागील कारणांची मांडणी. ती त्याच्याच भाषेत करून देणे, हे येथील शिक्षकाचे कार्य असते.

कामगारांच्या कुटुंबीयांचाही योजनेत प्रथमपासून विचार करण्यात आला. शिवणकाम, बालसंगोपन, आहार, कौटुंबिक अंदाजपत्रक इत्यादींचे वर्ग स्त्रियांसाठी भरविले जात. पुरुषाच्या वेतनावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला संप, टाळेबंदी अथवा आजारपण यांच्या काळात स्त्रीच्या मिळकतीचाच आधार असतो. त्यामुळे हे वर्ग केवळ गृहकृत्यांचे शिक्षण न राहता उपजीविकेचे साधन ठरले.

गिरणी संप व नंतरचा काळ : मुंबईतील गिरणी कामगारांनी १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत (१९३२–९७) यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सहभागी होते. हा संप औपचारिक रीत्या कधीच मागे घेण्यात आला नाही. अनेक कामगारांना पुन्हा कामावर घेण्यात आले नाही आणि पुढील दोन दशकांत बहुतेक गिरण्या बंद पडल्या. कापडाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव यांसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे गेले आणि गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये व निवासी इमारती उभ्या राहिल्या.

या घटनेने व्यवसायशिक्षणाचा एक मूलभूत प्रश्न पुढे आणला. गिरणी कामगार अकुशल नव्हता. साचेखात्यात वीस वर्षे काम केलेला कामगार आपल्या कामात निष्णात होता. परंतु त्याचे कौशल्य एकाच यंत्राशी बांधलेले होते व ते यंत्रच मोडीत निघाले. ज्याला त्या कौशल्यामागील सामान्य तत्त्वांचे, गणिताचे, विजेचे अथवा यंत्ररचनेचे ज्ञान होते, त्याला दुसरा धंदा धरणे तुलनेने सुकर होते. इतरांना रखवालदारी, हमाली, फेरीवाल्याचा धंदा करावा लागला अथवा गावी परतावे लागले. विशिष्ट कामापुरते दिलेले प्रशिक्षण त्या कामाबरोबर संपते, तर प्रौढशिक्षणाची जोड असलेले प्रशिक्षण कामगाराला नवे शिकण्यास समर्थ करते, ही श्रमिक विद्यापीठाच्या योजनेमागील भूमिका या काळात विशेष अर्थपूर्ण ठरली. मात्र अडीच लाखांच्या प्रश्नापुढे शहरातील एका लहान संस्थेचे बळ अगदीच तोकडे होते. उद्योगांच्या पुनर्रचनेत विस्थापित होणाऱ्या कामगारांना अन्य व्यवसायांचे शिक्षण देण्याचा उद्देशही असलेला राष्ट्रीय नूतनीकरण निधी केंद्र शासनाने १९९२ मध्ये स्थापन केला. परंतु त्यातील बहुतांश रक्कम स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर खर्च झाली आणि पुनर्प्रशिक्षणाचे कार्य मर्यादित राहिले.

विस्तार व नामांतर : मुंबईच्या प्रयोगानंतर केंद्र शासनाने ही योजना स्वीकारली आणि दिल्ली, अहमदाबाद इ. औद्योगिक शहरांत श्रमिक विद्यापीठे स्थापन झाली. १९७८ मधील राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम व १९८८ मधील राष्ट्रीय साक्षरता अभियान यांमुळे या संस्थांवर नवसाक्षरांच्या निरंतर शिक्षणाची जबाबदारीही आली. संपूर्ण साक्षरता मोहिमांतून मोठ्या संख्येने साक्षर झालेल्या ग्रामीण प्रौढांना पुढे काय द्यावयाचे, हा प्रश्न सातारा जिल्ह्याप्रमाणेच सर्वत्र उपस्थित झाला होता. त्यामुळे २००० मध्ये योजनेचे क्षेत्र औद्योगिक शहरांपुरते न ठेवता जिल्हा हे घटक मानण्यात आले व संस्थांना ‘जन शिक्षण संस्थान’ हे नाव मिळाले. स्वयंसेवी संस्थांच्या आश्रयाने, संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या आणि केंद्र शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या या संस्था निरक्षर, नवसाक्षर व शाळा अर्धवट सोडलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देतात. त्यांच्या लाभार्थींत स्त्रियांची संख्या बहुसंख्य आहे. शिवणकाम, भरतकाम, सौंदर्यप्रसाधन, नळकाम, वीजजोडणी, खाद्यप्रक्रिया इ. अभ्यासक्रम सर्वत्र आढळतात. २०१८ मध्ये ही योजना शिक्षणविषयक मंत्रालयाकडून कौशल्य विकास व उद्योजकता मंत्रालयाकडे वर्ग करण्यात आली.

ग्रामीण प्रयोग : श्रमिक विद्यापीठ हे शहरी गरजेतून निर्माण झाले. ग्रामीण भागात याच प्रश्नाला निराळे उत्तर देण्याचा प्रयत्न श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात झाला. अन्नतंत्रज्ञानातील संशोधक असलेल्या कलबाग यांनी शाळेत न रमलेल्या मुलांना संधान, बांधकाम, वीज, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशी प्रत्यक्ष कामे देऊन त्यांतून विज्ञान शिकविण्याची पद्धत विकसित केली. हाताने काम करीत शिकणे ही शिकण्याची नैसर्गिक रीत होय, हे तिचे सूत्र होते. हाच विचार ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाच्या रूपाने महाराष्ट्रातील काही माध्यमिक शाळांतही पोहोचला. दोन्ही प्रयोगांत प्रवेशासाठी परीक्षेतील यशाची अपेक्षा नव्हती आणि दोन्हींत काम हेच पाठ्यपुस्तक होते, हे साम्य लक्षणीय आहे.

मूल्यमापन : श्रमिक विद्यापीठाच्या योजनेतील प्रमुख उणीव तिच्या प्रमुख गुणातूनच निर्माण झाली. प्रवेशाला अट नसल्याने व अभ्यासक्रम गटागणिक बदलत असल्याने त्याच्या प्रमाणपत्राला बाजारात ठराविक मोल नव्हते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र सरकारी व खाजगी नोकरीस पात्र ठरवीत असे. श्रमिक विद्यापीठाचे प्रमाणपत्र बहुधा तसे ठरवीत नसे. जो आधीच नोकरीत होता, त्याला कौशल्यवाढीमुळे बढतीची आशा करता येई; परंतु बेकार तरुणाला किंवा बदली कामगाराला केवळ त्या प्रमाणपत्रावर कायम काम मिळणे कठीण असे. अल्प मुदतीमुळे कौशल्याची खोली मर्यादित राही व अर्धवेळ शिक्षकांमुळे अध्यापनाचा दर्जा ठिकठिकाणी भिन्न असे. शिवाय योजना विस्तारत गेली, तसे गरजेच्या पाहणीवरून अभ्यासक्रम रचण्याचे मूळ तत्त्व पुष्कळ ठिकाणी मागे पडले व ठराविक वर्ग वर्षानुवर्षे चालू राहिले, अशी टीकाही झाली.

ही उणीव दूर करण्यासाठी अलीकडे अभ्यासक्रमांची सांगड २०१३ मध्ये अंमलात आलेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी घालण्यात येत आहे. त्यामुळे प्रमाणपत्राचे मोल वाढणे शक्य आहे. त्याचबरोबर प्रमाणीकरणाला अनुसरून ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेले तास व ठरलेली परीक्षा ही येतात. कौशल्याची मोजणी सुलभ असते, परंतु वाचन, हिशेब, आरोग्य व कायदा यांचे जे ज्ञान मूळ योजनेत कौशल्याच्या पोटातच दिले जात होते, त्याची मोजणी तितकी सुलभ नसते व म्हणून ते गौण ठरण्याचा संभव असतो.

ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट, कलाभवन व व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था यांच्या उदाहरणांवरून असे दिसते, की श्रमिकांसाठी काढलेल्या संस्थेला मान्यता मिळविणे फारसे अवघड नसते. मान्यता मिळाल्यानंतरही ती श्रमिकांची राखणे अवघड असते. श्रमिक विद्यापीठाने अर्धशतकाहून अधिक काळ आपले दार शाळेबाहेर राहिलेल्यांसाठी उघडे ठेवले, ही त्याची भारतीय शिक्षणाच्या इतिहासातील मुख्य कामगिरी होय. प्रमाणपत्राला मोल मिळवून देताना हे दार उघडे ठेवता येते किंवा नाही, यावर या योजनेचे पुढील यश अवलंबून राहील.